पायांची आग, नसांचं मशीन आणि पत्रातली एक ओळ

डॉक्टर, नमस्कार. माझं वय ५९, ह्यांचं ६३. ह्यांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिनच्या गोळ्या पहिल्यापासून चालू आहेत. गेली ३ वर्षं दोन्ही तळपायांची आग होते, रात्री जास्त. चादर लागलेलीसुद्धा सहन होत नाही, म्हणून पाय उघडे टाकून झोपतात आणि दोन वाजता उठून फरशीवर येरझाऱ्या घालतात. नसांच्या दुखण्यासाठी प्रेगॅबालिन सुरू होऊन ८ महिने झाले, थोडाफार फरक आहे. मुलाने इंटरनेटवर एक मशीन बघून ठेवलंय. त्यावर दोन्ही पाय ठेवून अर्धा तास बसायचं, मेलेल्या नसा जिवंत होतात असं जाहिरातीत लिहिलंय. पेन क्लिनिकमध्ये दाखवलं तर तिथले डॉक्टर म्हणाले, पाठीच्या कण्यात वायर आणि कमरेत बॅटरी बसवता येईल. ह्यांना ऑपरेशन नको, मुलाला मशीन हवंय आणि मला काही सुचेनासं झालंय. मागच्या महिन्यात आग कमी व्हावी म्हणून गरम पाण्यात पाय बुडवून बसले, तर अंगठ्याला फोड आला. तो आता भरत आलाय. नसांना करंट देऊन खरंच बरं वाटतं का? आणि मग गोळ्या बंद करता येतील का?
— जागरणाला कंटाळलेली

ताई,

तुम्ही विचारलंत मशीनबद्दल आणि बॅटरीबद्दल, पण मी अडकले ती फोडाच्या ओळीवर. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. माझ्या दृष्टीने अख्ख्या पत्रात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे आणि करंटबद्दलचं माझं उत्तरही तिथूनच निघतं.

ज्या पायाला चादर लागलेली सोसत नाही, त्याच पायाला कातडी भाजेपर्यंत पाण्याचा चटका कळला नाही. घरच्यांना हे पटत नाही. एवढं दुखतंय म्हणजे नसा चांगल्या जाग्या असणार, असंच वाटतं. काही घरांत तर यावरून माणसावर संशय घेतला जातो, की हा उगाच सांगतो. उगाच नाही. अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या नसेचा एकेक तंतू कमरेपासून निघतो, जवळजवळ मीटरभर लांब असतो. वर्षानुवर्षं वाढलेली साखर आणि नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांची खराबी, या दोन्हींमुळे हे तंतू झिजतात. सगळ्यात लांबचं टोक आधी झिजतं. म्हणून त्रास बोटांपासून सुरू होतो, दोन्ही पायांना साधारण सारखा होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो.

झिजलेला तंतू बाहेरचा निरोप आत पोचवायचं सोडून देतो, तो बधिरपणा. आणि बाहेर काहीही घडलेलं नसताना स्वतःच निरोप पाठवत सुटतो, ती आग. मेंदूला एवढंच कळतं की निरोप तळपायाकडून आलाय, म्हणून तळपाय जळतोय असं वाटतं. रात्री तो जास्त जळतो, कारण दिवसभरातली बाकीची गडबड थांबलेली असते आणि मेंदूकडे दुसरं ऐकायला काही नसतं. तेव्हा तुमच्या यजमानांचा पाय एकाच वेळी बधिर आहे आणि पेटलेलाही आहे. दोन्ही खरं आहे.

आता करंटचं. करंट या खोट्या निरोपांना वाटेत अडवतो. झिजलेली नस तो दुरुस्त करत नाही. एवढं एक वाक्य मनात पक्कं असलं, की जाहिरात, मशीन, ऑपरेशन या सगळ्याकडे नीट बघता येतं. मुलालाही हे वाचून दाखवा. त्याची तळमळ खरी आहे, आणि कल्पना काही वेडगळ नाही.

कल्पना तर फार जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस पायदुखीच्या रुग्णाला समुद्रकाठच्या ओल्या वाळूत उभं करून पायाखाली जिवंत विद्युत मासा ठेवायला सांगत असे, पाय बधिर होईपर्यंत. याचं शास्त्रीय स्पष्टीकरण मिळायला १९६५ साल उजाडलं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की पाठीच्या कण्यात वेदनेच्या वाटेवर एक फाटक असतं. स्पर्शाचे जाड तंतू जागे केले की ते फाटक मिटायला लागतं आणि वेदनेचा निरोप वर जाताना क्षीण होतो. कोपर आपटलं की आपण न शिकवता ते चोळतो, ते याच कारणाने. नंतरच्या काळात या सिद्धांतात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मुख्य कल्पना टिकली. पुढे दोनच वर्षांत, १९६७ मध्ये, नॉर्मन शीली या शल्यविशारदाने पाठीच्या कण्यात पहिला इलेक्ट्रोड, म्हणजे करंट सोडणारं टोक, बसवला. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली बॅटरी ही त्याचीच नातवंडं-पतवंडं.

आधी मुलाने बघितलेलं मशीन. ते घेऊ नका. करंट वाईट असतो म्हणून नव्हे. त्या पसरट मशीनवर बधिर तळवे ठेवायचे असतात आणि बहुतेक माणसं त्याचं बटण "जाणवेपर्यंत" वाढवत नेतात. ज्या पायाला कढत पाणी कळलं नाही, त्याला करंट कधी जाणवणार? जाणवेपर्यंत कातडीला इजा झालेली असू शकते. वर अंगठ्याचा फोड अजून पूर्ण भरलेला नाही, आणि जखमेवर किंवा भेगाळलेल्या कातडीवर कुठलंच करंटचं साधन लावायचं नसतं. शिवाय यांतली बरीचशी यंत्रं पोटरीचे स्नायू आकुंचन पावावेत यासाठी केलेली असतात. स्नायू हलले म्हणजे नस जिवंत झाली, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. "मेलेल्या नसा जिवंत" हे शब्द जिथे दिसतील तिथे हात आखडता घ्यावा. चुंबकीय लहरी आणि कमी ताकदीचा लेसर या दोन गोष्टींचीही या आगीवर जोरात जाहिरात होते. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या मज्जाविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ च्या मार्गदर्शनात त्या दोन्हींचा विचार करू नये असंच सुचवलं होतं.

त्याऐवजी ज्याला टेन्स म्हणतात ते साधं, तळहाताएवढं यंत्र करून बघण्यासारखं आहे. त्यातून दोन किंवा चार चिकट पॅड निघतात, ते कातडीवर लावायचे. याच संस्थेने २०१० मध्ये टेन्सच्या सगळ्या अभ्यासांची छाननी केली. जुन्या कंबरदुखीवर उपयोग नाही, पण मधुमेहातल्या नसांच्या दुखण्यावर बहुधा होतो, असा निष्कर्ष काढला. "बहुधा" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण अभ्यास छोटे आहेत. १९९७ च्या एका प्रयोगात ३१ रुग्णांच्या पायांना कातडीवरून करंट दिला गेला, रोज अर्धा तास, ४ आठवडे. निम्म्याहून थोड्या जास्त जणांना खरं यंत्र होतं, बाकीच्यांना दिसायला तसंच पण करंट नसलेलं. खऱ्या यंत्राच्या १८ पैकी १५ जणांना बरं वाटलं. खोट्या यंत्राच्या १३ पैकी ५ जणांनाही वाटलं! ही पाच माणसं खोटं बोलत नव्हती. आशेने, रोज कुणीतरी लक्ष दिल्याने, वेदना खरोखर थोडी उतरते. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या आनंदावर विसंबू नका, महिन्याने काय राहिलं ते बघा.

टेन्स लावायचं ते तळव्यावर नाही, तर जिथे स्पर्श नीट कळतो तिथे, त्याच नसेच्या वाटेवर. बहुतेकांचं हे ठिकाण घोट्याच्या बरंच वर, पोटरीच्या आसपास असतं. नेमकी जागा फिजिओथेरपिस्टकडून एकदा आखून घ्या. अगदी पेनाने खुणा करून घेतल्या तरी चालेल. कापसाच्या बोळ्याने आणि बोथट टोकाने आधी तपासायचं, दोन्हींतला फरक त्यांना डोळे मिटून सांगता आला तरच तिथे पॅड. वारंवारता ८० ते १०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला करंटचे तेवढे ठोके, जोर एवढाच की ठसठशीत झिणझिण्या याव्यात, पण दुखू नये. रोज अर्धा तास, झोपायच्या आधी. झोपेत चालू ठेवायचं नाही. पॅड काढल्यावर कातडी बघायची. नुसता गुलाबीपणा थोड्या वेळात जातो. तो राहिला किंवा पुरळ आलं तर थांबायचं. हृदयात पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हातच लावायचा नाही. आणि यंत्र कुठेही वापरा, मानेच्या पुढच्या बाजूला कधीच लावायचं नाही.

एक वही घाला. रोज सकाळी तीनच गोष्टी लिहायच्या: रात्रीची आग दहापैकी किती, किती तास झोप लागली, रात्री किती वेळा उठले. पहिला आठवडा यंत्राशिवाय लिहा, मग चार आठवडे यंत्रासह. आकडे त्यांनी स्वतः सांगायचे, तुम्ही नाही. तुम्हाला त्यांनी बरं व्हावंसं इतकं वाटतंय की तुमचा आकडा आपोआप खाली येईल. महिन्याने सात-आठचे चार-पाच झाले असतील तर यंत्र ठेवा. नसतील झाले तर बिनदिक्कत परत करा. म्हणून शक्यतो भाड्याने किंवा क्लिनिककडून वापरायला मिळालं तर तसंच घ्या. टेन्सचा उतार यंत्र थांबवलं की हळूहळू जातो, हेही त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर एखाद्या दिवशी राहून गेलं की धीर खचतो.

आता पाठीतली बॅटरी. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण भीती तिचीच आहे, आणि तीन-चार गोष्टी माहीत झाल्या की ती निम्मी होते.

वायर मज्जारज्जूत खुपसत नाहीत. मज्जारज्जूभोवती आवरण असतं, त्या आवरणाच्या बाहेरच्या जागेत, पाठीच्या मधल्या-खालच्या भागात, सुईवाटे एक-दोन बारीक तारा सरकवतात. त्यांच्या टोकाला इलेक्ट्रोड असतात. तिथून सौम्य करंट जातो आणि पायांकडून येणारे वेदनेचे निरोप मेंदूकडे जाताना दबतात. आधीच्या पद्धतींत दुखऱ्या भागात झिणझिण्या जाणवत. १० हजार हर्ट्झच्या पद्धतीत त्या जाणवत नाहीत, करंट चालू आहे हे कळतही नाही.

आणि ही बॅटरी थेट बसवत नाहीत. हे तुमच्या यजमानांना सगळ्यात आधी सांगा, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा थेट मोठं ऑपरेशन आहे. आधी चाचणी होते. तारा आत, बॅटरी बाहेर कमरपट्ट्यावर, आणि साधारण ५ ते ७ दिवस घरी राहून बघायचं. वेदना निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली तरच पुढचं. नाही झाली तर तारा ओढून काढतात, तेवढ्यावर विषय संपतो. वरची वही इथे सोन्यासारखी उपयोगी पडते. चाचणीच्या आधीचे आठ दिवस आणि चाचणीतले दिवस शेजारी-शेजारी ठेवले की डॉक्टरांचा आग्रह किंवा घरच्यांची घाई यापेक्षा तेच जास्त सांगतात. त्या दिवसांत आकड्यापलीकडेही बघा. पाय चादरीखाली घेतले का? दोन वाजता उठले का? जिना चढताना रेंगाळले का?

उपयोग किती होतो? सगळ्यात मोठा अभ्यास अमेरिकेतल्या १८ केंद्रांमध्ये २१६ रुग्णांवर झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे औषधोपचार, निम्म्यांना त्यासोबत १० हजार हर्ट्झची बॅटरी. सहा महिन्यांनी बॅटरीवाल्यांची वेदना दहापैकी सरासरी ७.६ वरून १.७ वर आली. फक्त औषधांवर असलेले जवळजवळ जिथल्या तिथे राहिले. त्याच वर्षी जुलैमध्ये एफडीए या औषधं आणि वैद्यकीय साधनं तपासणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने मधुमेहातल्या या वेदनेसाठी तिला मान्यता दिली. दोन वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हाही आराम टिकलेला होता. असे आकडे या आजारात एरवी दिसत नाहीत आणि मला त्यांचं मनापासून अप्रूप आहे.

पण दोन गोष्टी तुमच्यापासून लपवणार नाही. या अभ्यासात कुणाला बॅटरी मिळाली हे रुग्णालाही माहीत होतं आणि तपासणाऱ्यालाही. १९९७ च्या प्रयोगातली ती पाच माणसं आठवा. ऑपरेशनचा, आशेचा परिणाम या आकड्यांत किती मिसळलाय हे वेगळं काढता येत नाही. त्याच अभ्यासात बॅटरी बसवलेल्या ६२ टक्के रुग्णांच्या संवेदनेत सुधारणा दिसल्याचं तपासणाऱ्या डॉक्टरांनी नोंदवलंय. क्लिनिकमध्ये कुणी तुम्हाला "नस सुधारते" असं म्हणालं तर ते बहुधा याच आकड्यावरून. आशादायक आहे, पण तेवढ्या आशेवर पाठ उघडायला मी कुणालाही सांगणार नाही. वेदना कमी होण्यासाठी बॅटरी घ्या, बधिरपणा जाण्यासाठी नको.

दुसरी गोष्ट धोक्याची. या अभ्यासात १५४ जणांना कायमची बॅटरी बसली. त्यांतल्या ८ जणांना जंतुसंसर्ग झाला आणि ५ जणांची बॅटरी काढावी लागली. मधुमेहात जखम हळू भरते, म्हणून साखर आटोक्यात असणं इथे अटीसारखं आहे. अभ्यासात एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, १० च्या वर असलेल्यांना घेतलंच नव्हतं. तार जागेवरून सरकू शकते, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे वाकणं, पिळणं, जड उचलणं बंद. सुई आवरणाला टोचली तर डोकेदुखी होते. २०१४ च्या युरोपातल्या ३६ रुग्णांच्या एका अभ्यासात अशाच टोचण्यानंतर मेंदूभोवती रक्तस्राव होऊन एक रुग्ण दगावला. असं फार क्वचित घडतं, तरी लिहिलं, कारण "काहीच होत नाही" असं जर कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते शल्यविशारदांना पहिल्या भेटीतच सांगा. आणि बॅटरी चार्ज कशी, किती वेळ करायची, पुढे एमआरआय काढता येईल का, बॅटरी किती वर्षांनी बदलावी लागेल, हे तिन्ही प्रश्न लिहून न्या.

मग घ्यावी की नाही? माझं मत स्पष्ट आहे: अजून नाही. त्या अभ्यासात घेतलेली माणसं किमान वर्षभर त्रास सोसलेली होती आणि प्रेगॅबालिनच्या गटातल्या औषधासोबत आणखी किमान एका वेगळ्या गटातलं औषध वापरूनही त्यांना पुरेसा आराम नव्हता. तुमच्या यजमानांनी आठ महिन्यांत एकच औषध घेतलंय, आणि मात्रा किती आहे ते पत्रात नाही. ब्रिटनमधल्या १३ केंद्रांत १३० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन आणि प्रेगॅबालिन यांपैकी कुठल्याही एकापासून सुरुवात केली आणि पुरेसं झालं नाही तर दुसरं जोडलं. कुठूनही सुरुवात केली तरी वेदना सरासरी ६.६ वरून ३.३ वर आली. म्हणजे कुठलं औषध पहिलं यापेक्षा, पुरेशा मात्रेत दिलं का आणि कमी पडल्यावर दुसरं जोडलं का, हे मोलाचं. हे पाऊल तुमच्याकडे अजून पडलेलंच नाही. डॉक्टरांना सांगताना हृदयाचा, मूत्रपिंडाचा, यकृताचा, लघवी अडकण्याचा काही त्रास असेल तर तो सांगा, कारण त्यावरूनच निवड ठरते. अफूच्या गटातली वेदनाशामकं मात्र या दुखण्यासाठी कुणी सुरू केली तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

आणि एक साधी रक्ततपासणी. १४ वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे, पत्रात बी-१२ चा उल्लेख नाही. मेटफॉर्मिनने शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि त्याच्या कमतरतेनेही हुबेहूब असेच पाय जळतात आणि बधिर होतात. ते कमी निघालं तर भरून काढणं सोपं आहे. पाठीत तारा घालण्यापूर्वी ही तपासणी झालेली नसेल तर मला ते पटणार नाही. थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्याही त्याच वेळी करून घ्या. आणि आग एकाच पायाला जास्त असेल, झपाट्याने वाढत असेल किंवा पाऊल उचलताना अडखळत असतील, तर ही नेहमीची मधुमेही झीज नसेलही. मग मज्जाविकारतज्ज्ञांना आधी दाखवायचं, करंटचं नंतर.

गोळ्यांबद्दल विचारलंत. आराम पडला तर वेदनेच्या गोळ्या कमी करता येतात, पण प्रेगॅबालिन एकदम थांबवायचं नाही, डॉक्टर आठवड्या-आठवड्याने मात्रा उतरवतात. मधुमेहाच्या गोळ्यांचा या करंटशी काही संबंध नाही, त्या चालूच. तुमच्या प्रश्नात दोन्ही एकत्र आले असावेत असं वाटलं म्हणून वेगळं लिहिलं.

आता परत फोडाकडे.

समजा औषधाने, टेन्सने किंवा पुढे कधी बॅटरीने आग गेली. घरात सगळ्यांना हायसं वाटेल. तुमचे यजमान पाय चादरीखाली घेऊन झोपतील. आणि पायाकडे बघायचं कुणाच्या मनातही येणार नाही. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, वेदना जवळजवळ गेलेली, चेहरा खुललेला, दोन महिन्यांत प्रथमच बूट घालून बाहेर पडले म्हणून सांगत होते. मी मोजे काढायला सांगितले. टाचेच्या पुढे, तळव्यावर, एक वाटोळी जखम होती आणि तिच्या मधोमध चार बारीक ठिपके. आम्ही दोघंही बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो. मग बूट उलटा केला, तर त्यातून शर्टाचं बटण पडलं. सकाळपासून ते त्यावरून चालत होते. बटणाची चारही भोकं पायावर उमटली होती आणि त्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

वेदना जाते तेव्हा बधिरपणा तिथेच असतो. म्हणून पुढचं सगळं मशीन येवो न येवो करायचंच. रोज रात्री दोन्ही तळवे बघायचे. त्यांना वाकून दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून, नाहीतर तुम्ही बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. बूट-चपलांत पाय घालण्याआधी आत हात फिरवायचा. घरातही अनवाणी नाही, आणि रात्रीच्या त्या येरझाऱ्या तर मुळीच अनवाणी नाहीत. पाण्यात पाय बुडवून ठेवणं बंद, गरमही नाही आणि आग होते म्हणून बर्फाचंही नाही. आंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने बघायचं. फोड भरत आलाय असं लिहिलंत, तरी तो या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. तेव्हाच पायांची तपासणी करून घ्या: १० ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूने तळव्याचा स्पर्श, कंपन देणाऱ्या चिमट्याने अंगठ्याची संवेदना, आणि पायाच्या नाड्या. पाच मिनिटांचं काम आहे. वर्षातून एकदा तरी व्हायला हवं, तुमच्याकडे यापुढे जास्त वेळा. पाऊल अचानक सुजलं, लाल आणि गरम झालं, मग दुखत नसलं तरी, त्याच दिवशी दाखवायचं. बधिर पायातली हाडं न दुखता ढासळू शकतात आणि सुरुवातीलाच पायावरचा भार काढला तर पाऊल वाचतं.

मुलाला राग येऊ देऊ नका. मशीनसाठी लागले असते त्या पैशांतून वडिलांच्या पायांच्या मापाचे, पुढे रुंद, आत शिवण न टोचणारे बूट करून आणायला सांगा. बूट संध्याकाळी मापायचे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

आणि चादरीचं. यासाठी कशाची वाट बघायची गरज नाही. पुठ्ठ्याचं एक रिकामं खोकं घ्या, दोन समोरासमोरच्या बाजू कापून टाका म्हणजे बोगद्यासारखं होईल, आणि ते पलंगाच्या पायथ्याशी, चादरीच्या आत ठेवा. पाय त्या बोगद्यात जातील, चादर खोक्यावरून जाईल, पायांना लागणार नाही. कापलेल्या कडा आतून कापडाने किंवा चिकटपट्टीने मऊ करून घ्या, नाहीतर त्याच बोचतील आणि त्यांना कळणार नाही. उघड्या पायांना गारवा लागून आग वाढत असेल तर सैल सुती मोजे घालून पाय आत ठेवता येतील. हे आज रात्रीच करून बघा, आणि उद्या सकाळी वहीत पहिला आकडा लिहा.